बाभळीवरची उंटअळी : तिचा मुलूख आणि तिचे अन्न

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने अळ्या-पतंगांवर लेख लिहावा, याचे आमच्या वर्गातल्या मित्रांना नवल वाटले. एकाने तर विचारले, "पतंग म्हणजे संक्रांतीला गच्चीवर उडवतो तोच ना?" हैदराबादेत राहणाऱ्याला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा लेख त्या कागदी पतंगाबद्दल नाही. रात्री दिव्याभोवती फिरणारा, फुलपाखराचा भाऊबंद असा जो कीटक, त्याच्या एका जातीबद्दल आहे. ही जात कोठे कोठे आढळते आणि कोणत्या झाडावर जगते, एवढाच लेखाचा विषय. विषय लहान दिसतो. पण त्याच्या मागे लागल्यावर मला हिशेबशास्त्राच्या पुस्तकात न सापडलेल्या दोन-चार गोष्टी सापडल्या. त्या वाचकांपुढे ठेवतो.

पाहुणी

आमचे बिऱ्हाड आबिड्सला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खालच्या गल्लीत एक शिंपीचाचा राहतात. २०२५ सालची बकरी ईद ७ जूनला होती. तिच्या आदल्या आठवड्यात चाचांनी बोकड आणून दारात बांधला आणि त्याच्यासाठी हातगाडीवरून बाभळीच्या फांद्यांची मोळी घेतली. मी कॉलेजातून येत होतो. मोळी उतरवायला हात लावला आणि घरी येऊन पाहतो तो शर्टाच्या बाहीवर एक बारीक हिरवट अळी. शेपटीकडचा भाग पुढे ओढून पाठीची कमान करायची, मग डोके पुढे टाकून सरळ व्हायचे, पुन्हा कमान. जणू कोणी वितीने कापड मोजीत आहे. चाचांना दाखवली तेव्हा ते हसून म्हणाले, "दर्जी है बेटा, तुम्हारा माप ले रा."

चाचांची थट्टा शास्त्राला धरून होती, हे मला नंतर कळले.

त्या मोळीत शोधून मी आणखी चार अळ्या काढल्या. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत तळाला माती घातली, तोंडाला मलमलीचा तुकडा बांधला आणि आत बाभळीचे डहाळे ठेवले. आईने बरणी स्वयंपाकघरातून गॅलरीत हलवली, एवढाच काय तो घरातला विरोध.

मापे घेणारे कुल

आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाईंकडे मी बरणी घेऊन गेलो. वाणिज्याचा विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दारात पाहून त्यांना आधी वाटले की मी वर्गणी मागायला आलो आहे. अळी पाहिल्यावर मात्र त्यांनी स्टूल पुढे सरकवले.

पतंगांच्या या कुलाला जिओमेट्रिडी म्हणतात. ग्रीक भाषेत 'जिओमेट्रेस' म्हणजे जमीन मोजणारा. भूमितीला आपण जिऑमेट्री म्हणतो, तोच हा शब्द. स्वीडनचा कार्ल लिनेयस याने १७५८ साली प्राण्यांच्या नामकरणाचा जो प्रसिद्ध ग्रंथ काढला, त्यात या पतंगांच्या गटाला 'जिओमेट्रा' असे नाव दिले, ते अळीच्या चालीवरून. जगात या कुलाच्या सुमारे २४,००० जाती आहेत.

ही चाल नखरा म्हणून नाही, तिला कारण आहे. बहुतेक अळ्यांना छातीशी तीन जोड्या खऱ्या पायांच्या असतात आणि पोटाखाली मांसल अशा पाच जोड्या उपपादांच्या. जिओमेट्रिडी कुलातल्या अळ्यांना पोटाखाली साधारणपणे दोनच जोड्या असतात आणि त्याही अगदी मागे. मधल्या शरीराला आधार नाही. त्यामुळे मागचे पाय पुढच्या पायांजवळ आणून मधला भाग वर उचलण्यावाचून तिला गत्यंतर नसते. धोका वाटला की हीच अळी मागच्या पायांनी फांदी घट्ट धरते, उरलेले शरीर तिरपे ताठ करते आणि वाळक्या काटकीसारखी निश्चल राहते. माझ्या बरणीतल्या पाच अळ्या मोजायला मला रोज पाच-सात मिनिटे लागत, ती यामुळेच.

मराठीत शेतकरी या अळीला उंटअळी म्हणतात. नाव समर्पक आहे, पण ते सैल आहे. तेलंगणात नलगोंडा, महबूबनगर या भागांत एरंडीचे पीक मोठे. एरंडीवर पडणारी जी प्रसिद्ध उंटअळी, जिला तेलुगूत दासरि पुरुगु म्हणतात, ती या कुलातली नव्हेच. तिला पोटाखाली दोनापेक्षा अधिक जोड्या असतात आणि तिचे कुल वेगळे, इरेबिडी. चाल अर्धीमुर्धी सारखी म्हणून नाव एक झाले. दोन दुकानांची पाटी एक असली तरी मालक निरनिराळे असू शकतात, तसे हे.

नावाची गोष्ट

बरणीतून पुढे जो पतंग निघाला तो राखी रंगाचा होता. पंखांवर गडद आडव्या रेषा, आणि बसताना पंख पसरून जमिनीला चिकटून बसण्याची सवय. बाईंनी तो भिंगाखाली पाहून, चित्रांशी ताडून नाव सांगितले : इस्टर्जिया डिस्प्युटेरिया. जुन्या ग्रंथांत हाच पतंग टेफ्रिना डिस्प्युटेरिया या नावाने येतो.

या जातीला प्रथम नाव देणारा आशिल ग्वेने हा फ्रेंच गृहस्थ वकील होता. १८५८च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात या कुलातल्या शेकडो जातींची वर्णने आहेत. वकिलाने ठेवलेल्या नावात 'डिस्प्यूट' ऐकू यावा, याची मला गंमत वाटली. नावाच्या शेवटच्या 'एरिया'लाही इतिहास आहे. लिनेयसने असा संकेत पाडला होता की ज्या जिओमेट्रा पतंगांच्या मिशा कंगव्यासारख्या दातेरी असतात त्यांची नावे 'एरिया'ने संपवावीत, आणि ज्यांच्या मिशा साध्या दोऱ्यासारख्या असतात त्यांची 'आटा'ने. पुढच्या लोकांनी संकेताचे कारण पुष्कळदा सोडले, पण शेपूट ठेवले.

वकील माणसाने फावल्या वेळात हे काम केले, हे वाचून वाणिज्याच्या विद्यार्थ्याला धीर येतो, हेही नमूद करतो.

बाभूळ आणि वेडी बाभूळ

आता माझी चूक सांगतो.

ईद झाली, चारा संपला. अळ्यांना ताजा पाला हवा होता. मी रेल्वेच्या रुळांजवळच्या पडीक जागेतून काटेरी झुडपाची फांदी तोडून आणली. पाने बारीक, काटे तीक्ष्ण, म्हणजे बाभूळच, असे मी धरून चाललो. अळ्या त्या फांदीवर चढल्या, फिरल्या, आणि खाल्ले मात्र नाही. तिसऱ्या दिवशी दोन अळ्या तळाशी मरून पडल्या होत्या.

आजी तेव्हा बसवकल्याणजवळच्या गावाहून आमच्याकडे आली होती. तिने बरणीकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "अरे, ही कसली बाभूळ? ही तर वेडी बाभूळ. शेळीसुद्धा हिचा पाला खात नाही, तुझी अळी काय खाईल!"

हैदराबादेत मराठी शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याने बाभूळ हा शब्द कवितांत पुष्कळदा वाचलेला असतो. झाड ओळखण्याची वेळ मात्र आलेली नसते. आजीने सांगितलेला फरक असा. खऱ्या बाभळीची फुले पिवळीधमक आणि गोल गोंड्यासारखी असतात. शेंग माळेतल्या मण्यांसारखी मधे मधे आवळलेली आणि पांढुरकी. काटे जोडीने, सरळ आणि पांढरे. वेड्या बाभळीची फुले फिकट पिवळसर आणि लांबट तुऱ्यासारखी. शेंग पिवळी आणि सलग.

दोन्ही झाडांची नावे आपल्या तिन्ही भाषांत जोडीने चालतात. आपली बाभूळ कन्नडात 'जाली' आणि तेलुगूत 'नल्ल तुम्म'. वेडी बाभूळ कन्नडात 'बळ्ळारी जाली' आणि तेलुगूत 'सर्कार तुम्म'. बळ्ळारी काय, सरकार काय आणि वेडी काय, तिन्ही विशेषणे हेच सांगतात की हे झाड मूळचे आपले नव्हे. ते मध्य व दक्षिण अमेरिकेकडचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरपणासाठी आणि उजाड जमीन झाकण्यासाठी ते इकडे आणले गेले, आणि मग आवरेनासे झाले. शास्त्रात तर त्याचा वंशच निराळा, प्रोसोपिस.

माझ्या दोन अळ्यांवरून मी सिद्धांत मांडीत नाही. परंतु एक गोष्ट त्यांनी मला शिकवली. माणसाला दोन झाडे एक वाटली, म्हणून अळीला ती एक वाटत नाहीत.

यजमान वनस्पती ठरते कशी?

अळी ज्या झाडाचा पाला खाऊन पूर्ण वाढते, त्याला तिची यजमान वनस्पती किंवा खाद्य वनस्पती म्हणतात. काही जातींना अनेक यजमान चालतात. आसाम व उत्तर बंगालच्या चहाच्या मळ्यांत हायपोसिड्रा टलाका नावाची याच कुलातली अळी फार नुकसान करते. चहाखेरीज कितीतरी वेगवेगळ्या झाडांवर ती जगू शकते. इंग्लंडमधला बिस्टन बेट्युलेरिया हा पतंगही अनेक झाडांवर वाढतो. कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडे काळी पडल्यावर या पतंगाचा काळा प्रकार वाढला, आणि हवा स्वच्छ झाल्यावर तो पुन्हा घटला, म्हणून तो पाठ्यपुस्तकांत गेला.

आपला डिस्प्युटेरिया मात्र बाभूळ आणि तिच्या जवळच्या काटेरी नातलगांना धरून राहणारा आहे. असे का होते? झाडे पाय नसल्यामुळे पळू शकत नाहीत. ती पाल्यात टॅनिनसारखी द्रव्ये भरून स्वतःचे रक्षण करतात. प्रत्येक झाडाचे कुलूप निराळे. एखादी जात पिढ्यानपिढ्या एकाच कुलपाची किल्ली घडवीत राहिली की त्या झाडावर ती निर्धास्त होते, पण बाकीच्या झाडांची दारे तिला बंद होतात. शिवाय झाड निवडते ती अळी नव्हे, तिची आई. मादी पतंग वासावरून व स्पर्शावरून झाड ओळखते आणि तेथे अंडी घालते. अंड्यातून निघालेल्या अळीला फार लांब जाऊन दुसरी खाणावळ शोधणे शक्य नसते.

म्हणून 'अमुक पतंग तमुक झाडावर सापडला' एवढ्यावरून ते झाड यजमान ठरत नाही. बाईंनी मला चार फसव्या जागा सांगितल्या. एक : पतंग दिवसा कोणत्याही झाडावर विसावतो, विसावा म्हणजे जेवण नव्हे. दोन : पूर्ण वाढलेली अळी कोष करण्यासाठी झाड सोडून भटकते, तेव्हा ती भलत्याच झाडावर दिसते. तीन : झाडच चुकीचे ओळखले जाते, जसे मी केले. चार : बरणीत कोंडलेली उपाशी अळी एरवी जे खाणार नाही ते कुरतडते. अळीने खाल्ले, वाढली, कोष केला आणि त्यातून धड पतंग निघाला, हे पाहिले तरच नोंद खरी.

मुलूख

या पतंगाचा मुलूख नकाशावर पाहिला तर तो उत्तर आफ्रिकेपासून निघतो, अरबस्तान, इराण, पाकिस्तान असा पूर्वेकडे येतो आणि भारतात उतरतो. हा पट्टा काटेरी बाभूळवर्गीय झाडांचा आणि कोरड्या हवेचा आहे. दख्खनचे पठार त्यात सहज बसते. ज्या ओसाड माळाला आपण काही उगवत नाही म्हणून नावे ठेवतो, तोच माळ कैरोपासून कलबुर्गीपर्यंत या एवढ्याशा पतंगाला सलग घरासारखा आहे.

तरीही झाडाचा मुलूख आणि पतंगाचा मुलूख एकच असतात असे नाही. पतंगाला झाड लागतेच. झाडाला पतंग लागत नाही. झाड माणसाच्या हाताने समुद्र ओलांडू शकते आणि पतंग मागे राहू शकतो. असे एकदा घडले, आणि त्याची किंमत अजून मोजली जात आहे.

बाभूळ परदेशी जाते

१८९०च्या दशकात आपल्या उपखंडातली बाभूळ ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात नेण्यात आली. हेतू चांगला होता : मेंढरांना सावली आणि चारा. मेंढ्या शेंगा खात आणि बिया बहुतांशी पचवून टाकीत, तोवर ठीक चालले. पुढे मेंढरांच्या जागी गुरे आली. गुरांच्या शेणातून बिया धडधाकट बाहेर पडतात. काही वर्षे भरपूर पावसाची गेली आणि गवताळ माळरानांवर बाभळीचे रान माजले. १९५७ साली तिला उपद्रवी तण जाहीर करावे लागले. आज तेथे ६० लाख हेक्टरांहून अधिक जमीन तिने व्यापली आहे. अलीकडे आनुवंशिक तपासणीनेही ते झाड भारत-पाकिस्तानातल्या बाभळीचेच असल्याचे दाखवले.

आमच्या भाषेत सांगायचे तर, झाडाची जमा झाली, पण त्याला खाणाऱ्यांचा खर्च वहीत पडलाच नाही. आपल्याकडे बाभूळ शेळ्या खातात, अळ्या खातात, भुंगेरे तिच्या बियांत शिरतात, माणसे नांगराला आणि गाडीच्या चाकाला लाकूड तोडतात. तिकडे यातले काहीच नव्हते. आणि वेड्या बाभळीने आपल्याकडे नेमके हेच केले. एकाच सौद्याच्या या दोन बाजू आहेत.

मग ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी बाभळीचे शत्रू शोधायला सुरुवात केली. १९८०च्या दशकारंभी पाकिस्तानातून बिया खाणारा एक भुंगेरा नेऊन १९८२ साली सोडला. तो तेथे टिकला, पण तणाला आळा बसला नाही. नंतर आफ्रिकेतून आपल्या उंटअळीच्याच कुलातले दोन पतंग नेले : कायास्मिया इनकॉन्स्पिक्युआ १९९८ साली आणि कायास्मिया असिमिलिस १९९९ साली. दुसरा किनाऱ्याजवळच्या भागात रुळला. आतल्या रखरखीत प्रदेशात, जेथे तण खरे माजले आहे, तेथे रुळला नाही. झाड तेच, पण हवा मानवली नाही. मुलूख नुसत्या अन्नावर ठरत नाही, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला सापडले नाही.

शेवटी झाडाच्या माहेरीच शोध घ्यावा असे ठरले. २००८ पासून पुढची काही वर्षे कोइमतूरच्या वन आनुवंशिकी व वृक्ष प्रजनन संस्थेच्या साहाय्याने तमिळनाडू व कर्नाटकात बाभळीवरचे कीटक तपासण्यात आले. त्यांत आपली ही डिस्प्युटेरिया होती. तिला ब्रिस्बेनच्या बंदिस्त प्रयोगशाळेत नेले.

येथे यजमान वनस्पतीचा प्रश्न नुसता कुतूहलाचा राहत नाही. ऑस्ट्रेलिया हा बाभूळवर्गीय झाडांचाच देश. तेथे या वर्गाच्या हजाराच्या आसपास देशी जाती आहेत. नवी अळी त्या झाडांवर वळली तर आगीतून फुफाट्यात. म्हणून तपासणीची एक पद्धत असते. १९७४ साली वॅप्शियर या शास्त्रज्ञाने ती सुसूत्रपणे मांडली : आधी तणाच्या अगदी जवळच्या नातलगांवर अळी सोडून पाहायची, मग दूरच्या, मग त्याहून दूरच्या; जणू घरातून निघून भावकी, मग गाव, मग परगाव. अळी कोठपर्यंत जगते ते पाहायचे. या तपासणीत आपली उंटअळी बंद पिंजऱ्यात तेथल्या काही देशी जातींवरही वाढली. तिला मोकळे सोडण्यात आले नाही. इकडच्या रानात ती बाभळीला धरून राहते हे खरे, आणि पर्याय नसताना ती तिकडच्या नातलगांवर जगली हेही खरे. दोन्ही नोंदी समोर असल्यामुळेच निर्णय घेता आला.

नावाचा एक वाद मात्र ऑस्ट्रेलियाने जिंकला. बाभळीचे शास्त्रीय नाव अकेशिया निलोटिका. अकेशिया या नावाची मूळ मालकी तिचीच. पुढे हा मोठा वंश अनेक वंशांत विभागावा असे ठरले, तेव्हा नाव कोणाकडे राहावे यावर भांडण लागले. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेले आणि २०११ साली मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झाले. आपली बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला यात व्यापारी नावाचा दावा दिसतो : जुन्या पेढीने नाव गमावले, आणि ज्याची शाखा मोठी त्याला ते मिळाले.

आबिड्सची नोंद

या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात मी मोठ्या दिमाखाने लिहिले होते : 'हा पतंग आबिड्स येथे आढळतो.' बाईंनी त्या ओळीखाली रेघ मारून समासात दोनच शब्द लिहिले : 'झाड कोठे?'

मी विचार केला. आबिड्सला बाभूळ नाही. येथे जे आहे ते बहुतेक बाहेरून आलेले. ज्याच्यावरून या भागाला नाव पडले तो आबिदही सहाव्या निजामाच्या पदरी असलेला आर्मेनियन; त्याने येथे दुकान थाटले. रविवारी फुटपाथवर मांडलेली जुनी पुस्तके कोठून कोठून येतात. आमचे घराणेही बसवकल्याणकडचे. अळ्याही तशाच, हातगाडीवरून आलेल्या.

रात्री बाबांना हे सांगितले. ते हिशेबनीस आहेत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चिठ्ठीवरून आवक लिहिलीस तू."

मला त्याचा अर्थ कळला. मी चौथीत असताना बाबा एका कापडाच्या दुकानात होते. दसऱ्याच्या गर्दीत गोदामाच्या चिठ्ठीवरून त्यांनी बारा गाठींची आवक रोजकीर्दीत चढवली. गाठी उघडून मोजल्या नाहीत. निघाल्या दहा. दोन गाठींची किंमत वर्षभर त्यांच्या पगारातून कापली गेली. त्या दिवाळीला आजी गावाकडून आली होती; परत गेली तेव्हा तिच्या गळ्यातले सोन्याचे मणी नव्हते. बाबांनी त्यानंतर माल न पाहता एक आकडा लिहिलेला मला आठवत नाही.

चाचांनी चाऱ्याच्या गाडीवाल्याकडून विचारून सांगितले की फांद्या चेवेळ्याच्या बाजूने येतात. पुढच्या रविवारी बाबा आणि मी बसने तिकडे गेलो. मला वाटले होते ते झाडाखाली बसून राहतील. पण पिवळे गोंडे आणि मण्यांची शेंग दिसल्याबरोबर त्यांनीच फांदी वाकवली आणि एकेक डहाळी हिशेबाच्या ओळीसारखी तपासू लागले. अर्ध्या तासाने म्हणाले, "ही काटकी हलली." ती अळी होती, पाल्याच्या कडेशी तोंड लावून खात असलेली. मी स्थळ, तारीख, झाड लिहून घेतले. बाबांनी वही वाचली आणि 'खाताना प्रत्यक्ष पाहिली' हे शब्द घालायला लावले.

ताज्या पाल्यावर बरणीतल्या उरलेल्या तीन अळ्या तगल्या. त्यांतल्या एकीतून पतंगाऐवजी बारीक गांधीलमाशी निघाली. तिच्या आईने अळीच्या अंगात आधीच अंडे घातले होते. बाकीच्या दोघी मातीत शिरल्या, कोष केला आणि नवव्या-दहाव्या दिवशी पतंग होऊन बाहेर आल्या. एक बाईंनी ठेवून घेतला, दुसरा मी गॅलरीतून सोडला. आबिड्सच्या दिव्यांकडे तो गेला खरा, पण ती नोंद नव्हे.

माझ्या वहीतली नोंद आता अशी आहे : 'अळ्या, आबिड्स, चाऱ्याच्या फांद्यांबरोबर आलेल्या. अळी, चेवेळ्याकडे, बाभळीवर खाताना प्रत्यक्ष पाहिली.' पहिले वाक्य कच्च्या वहीतले, दुसरे पक्क्या. १८९७ साली याच शहरात, सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉस यांना मलेरियाचा जंतू डासात सापडला तोही एका विशिष्ट डासात. इतर डास तपासण्यात त्यांची दोन वर्षे गेली होती. कोणता कीटक, कोणता यजमान, हे लिहिताना हात आखडता घेतलेला बरा.

वाचकांपैकी कोणाच्या गावी बाभूळ असेल, तर पावसाळ्याच्या तोंडाशी तिच्या डहाळ्या अवश्य पाहाव्यात. आधी झाड फुलावरून पक्के करावे. अळी खात असेल तरच लिहावे. बरणीत माती, ताजा पाला आणि तोंडाला मलमल एवढे पुरते. कन्नड विभागाच्या संपादकांनी पुढच्या अंकासाठी हाच मजकूर 'जाली'वर मागितला आहे. त्यासाठी सुट्टीत आजीच्या शेताच्या बांधावरची बाभूळ पाहून यायचे आहे. बाबा बरोबर येणार म्हणतात.